उभ्या चाकाचे आजार

ग्वाल्हेर आणि नौका हे दोन शब्द एकत्र उच्चारले की ऐकणाऱ्याला थोडे नवल वाटते. आपले शहर समुद्रापासून शेकडो कोस दूर, उन्हाळ्यात पाण्यासाठी आकाशाकडे डोळे लावणारे. तरीही ग्वाल्हेरच्या नावाशी निगडित अशी एक नौका इतिहासात आहे, आणि वैद्यकीय व्यवसायातील मंडळींनी ती आवर्जून आठवावी अशी आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर श्रीमंत माधवराव महाराज शिंदे यांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही आगबोट विकत घेतली, तिचे 'लॉयल्टी' असे नामकरण झाले आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचे तरंगते रुग्णालय बनले. युद्ध संपल्यावर ती सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनच्या प्रवासाला निघाली. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो त्याच प्रवासाच्या स्मरणार्थ.

रुग्णापर्यंत नावेने पोहोचण्याची वेळ ग्वाल्हेर-चंबळ भागावर आजही येते. फरक एवढाच की ती नाव आता समुद्रातून येत नाही. ती डांबरी रस्त्यावरून, जीपच्या किंवा ट्रकच्या मागे जोडलेल्या दोन चाकांच्या ट्रेलरवर बसून येते. प्रस्तुत लेखाचा विषय ती नावही नाही आणि तिचे इंजिनही नाही. विषय आहे त्या ट्रेलरच्या चाकातील, मुठीत मावेल एवढे एक पोलादी बेअरिंग. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्याच्या बिघाडाने सारी मदत वाटेतच थांबते त्याला क्षुल्लक म्हणता येत नाही, हे आपणा डॉक्टरांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

रुग्णाकडे जाणारी पहिली गाडी

२०२१ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिवपुरी, श्योपूर, दतिया, ग्वाल्हेर आणि भिंड या जिल्ह्यांत जो महापूर आला तो अनेकांच्या स्मरणात असेल. ३ ऑगस्ट रोजी दतिया जिल्ह्यात सिंध नदीवरील रतनगडचा पूल वाहून गेला. गावांना पाण्याने वेढले, रस्ते तुटले. सैन्यदल, वायुदलाची हेलिकॉप्टरे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि राज्याचे आपत्ती दल यांना एकाच वेळी धाव घ्यावी लागली. हेलिकॉप्टर ही मोठी शक्ती खरी. परंतु ढग खाली उतरले, पाऊस कोसळत राहिला की तिला मर्यादा पडते. अशा वेळी छपरावर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचते ती नाव.

डॉक्टरांच्या दृष्टीने पाहिले तर पुराने वेढलेल्या गावातून बाहेर पडणाऱ्यांमध्ये दिवस भरलेली गर्भवती असते, सर्पदंश झालेला शेतकरी असतो, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणारा रुग्ण असतो, इन्सुलिन संपलेले आजोबा असतात. आपण रुग्णालयात प्रतिविषाच्या कुप्या सज्ज ठेवून बसलो तरी रुग्ण आपल्यापर्यंत आणणारी पहिली रुग्णवाहिका म्हणजे ती नाव. आणि ग्वाल्हेरहून शिवपुरी सुमारे ११५ किलोमीटर, श्योपूर तर दोनशे किलोमीटरच्याही पुढे. एवढे अंतर नावेला चाकांवरच कापावयाचे असते. काही नावा हवा काढून घडी घालता येतात व ट्रकमध्ये जातात. पण फायबरची, इंजिन लावलेली ताठ नाव ट्रेलरखेरीज हलत नाही.

नदीकाठच्या इतर कामांतही ट्रेलरचा उपयोग होतो. सांक नदीवरील तिघरा जलाशयात सहलीच्या नावा चालतात. राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात दरवर्षी हिवाळ्यात मगर-सुसरींची गणना नदीतून नावेने जात केली जाते. खेळाचेही उदाहरण आपल्या अभिमानाचे आहे. ग्वाल्हेरची कन्या प्राची यादव ही पॅरालिंपिकमध्ये कनू स्पर्धेत उतरलेली पहिली भारतीय खेळाडू. टोकियोत तिने अंतिम फेरी गाठली, तीही पुराच्या त्या ऑगस्टनंतर लगेचच, सप्टेंबर २०२१ च्या आरंभी. मात्र शर्यतीची कनू हलकी असते, ती हातांनी उचलून पाण्यात सोडतात, आणि तिच्या ट्रेलरचे चाक कोरडेच राहते. जड नावेची गोष्ट निराळी. तिच्यासाठी ट्रेलर उलटा चालवीत घाटाच्या उतारावरून पाण्यात न्यावा लागतो, चाके बुडेपर्यंत. साऱ्या दुखण्याचे मूळ त्या बुडण्यात आहे.

हबच्या आत काय असते

ट्रेलरचे चाक ज्या पोलादी गोल घरावर नटांनी बसविलेले असते त्याला हब म्हणतात. हबच्या आत, आसाच्या टोकावर, साधारणतः दोन बेअरिंगे असतात. आतल्या बाजूचे मोठे, बाहेरच्या बाजूचे लहान. ती बहुधा निमुळत्या रोलरांची असतात. अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांना या रचनेचे पेटंट १८९८ साली मिळाले. सायकलच्या छऱ्यांप्रमाणे येथे गोळ्या नसून थोडे शंकूच्या आकाराचे रोलर असतात. गोळीचा स्पर्श एका बिंदूपुरता, रोलरचा स्पर्श एका रेषेभर. म्हणून रोलर अधिक भार सोसतो. शिवाय तो निमुळता असल्यामुळे वरून येणारा भार आणि वळणावर बाजूने येणारा रेटा असे दोन्ही एकाच वेळी पेलतो.

या रोलरांचा आतील भाग 'कोन' आणि हबमध्ये ठोकून बसविलेली बाहेरची कडी 'कप'. रोलरांना परस्परांपासून योग्य अंतरावर धरून ठेवणारा पत्र्याचा पिंजरा असतो. मागच्या बाजूला रबराचे ऑइल सील, पुढच्या बाजूला टोपी, आणि सारे जागच्या जागी ठेवणारा नट व त्यातून आरपार घातलेली स्प्लिट पिन. या पोकळीतील ग्रीस म्हणजे जणू त्या सांध्यातील सायनोव्हियल द्रव.

सांध्याशी ही तुलना केवळ शोभेची नाही. निरोगी मानवी सांध्यातील घर्षण इतके कमी असते की उत्तम बनावटीच्या यंत्रालाही त्याची बरोबरी करताना प्रयास पडतात. परंतु घर्षण कमी असणे एवढेच पुरेसे नसते, हे सर जॉन चार्नली यांच्या अनुभवावरून आपण जाणतो. कृत्रिम खुब्यासाठी त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. घर्षण अत्यल्प होते, पण वाटी झपाट्याने झिजली आणि झिजेच्या कणांनी भोवतालच्या ऊतींमध्ये प्रखर प्रतिक्रिया उत्पन्न केली. त्या पदार्थाचे कण त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून हे पडताळून पाहिले आणि १९६२ पासून पॉलिएथिलीनची वाटी स्वीकारली. चाकातही हेच घडते. एकदा पोलादाचा कण सुटला की तो ग्रीसमध्ये फिरत राहतो, दुसरे कण उकरून काढतो आणि झीज स्वतःच स्वतःला वाढवीत जाते. फरक इतकाच की जिवंत कूर्चेला स्वतःची थोडीबहुत डागडुजी करता येते. पोलादाला ती सोय निसर्गाने दिलेली नाही.

थोडे गणित पाहू. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर धरला तर परिघ १८८ सेंटिमीटर होतो, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५३० फेरे. शिवपुरीपर्यंतच्या ११५ किलोमीटरमध्ये तेच बेअरिंग एकसष्ट हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि तेही शेकडो किलोंचा भार डोक्यावर घेऊन. ग्रीसचा पातळ थर शाबूत असेल तर हे फेरे त्याच्या खिजगणतीतही नसतात. तो थर तुटला की मात्र प्रत्येक फेरा हा एक ओरखडा.

पाणी आत कसे जाते

रबरी सील बसविलेले असताना पाणी आत जाते कसे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. रस्त्यावरून धावताना हब तापते. समजा ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत गेले. घाटावर पोहोचताच घाईघाईने ट्रेलर २८ अंशांच्या पाण्यात उतरविला. हबमधील कोंडलेली हवा एकाएकी थंड होऊन आकुंचन पावते, जवळजवळ एक नवमांशाने. आत पोकळी निर्माण होते व बाहेरचे पाणी सीलच्या ओठाखालून आत ओढले जाते. सील फाटलेले असण्याची गरज नाही. ते थोडे कडक झालेले असले तरी पुरे. ग्वाल्हेरचा मे महिना, ४५ अंशांपर्यंत चढणारा पारा आणि बारीक धूळ यांच्या सहवासात रबराची लवचीकता फार काळ टिकत नाही.

पूर आलेला असताना नाव जितक्या लवकर पाण्यात उतरेल तितके उत्तम, हे उघड आहे. तेथे कोणी हब थंड होण्याची वाट पाहत बसणार नाही आणि पाहूही नये. सहलीच्या किंवा सरावाच्या वेळी मात्र अर्धा तास थांबणे सहज शक्य असते, आणि तेथे तो नियम पाळावा. नाव तरंगण्यापुरताच ट्रेलर खोल न्यावा, त्याहून अधिक नव्हे. संकटाच्या वेळी हा नियम मोडला, तर मोडल्याची नोंद ठेवावी व संकट ओसरताच हब उघडावे. तातडीच्या शस्त्रक्रियेत काही गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतात आणि त्यांची भरपाई नंतर प्रतिजैविकाने व दक्षतेने करावी लागते, तसाच हा प्रकार आहे.

खरे नुकसान त्या दिवशी होतच नाही, ही यातील सर्वांत फसवी बाब आहे. पाणी शिरलेले चाक त्या दिवशी परत येते, काही आवाज करीत नाही, काही तक्रार सांगत नाही. ट्रेलर शेडमध्ये उभा राहतो. पुढचे दहा महिने आतील पाणी ग्रीसमध्ये मिसळून दुधाळ होते, हबच्या तळाशी साचते, आणि भार पेलून स्थिर बसलेल्या रोलरांच्या कडेने पोलादावर गंज धरते. असे बेअरिंग उघडले तर कपावर रोलरांच्या अंतराइतक्या अंतराने उमटलेले गंजाचे आडवे पट्टे दिसतात. पुढच्या वर्षी रात्री दोन वाजता फोन वाजतो, ट्रेलर निघतो, आणि त्या पट्ट्यांवरून रोलर ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावू लागतात. पट्ट्याच्या कडेने पोलादाचा पापुद्रा सुटतो, उष्णता वाढते, ग्रीस पातळ होऊन गळते, पिंजरा तुटतो, रोलर अडकतात, आणि शेवटी आसाचे टोक खराब होते किंवा चाकच निखळते. लोक म्हणतात, चाक रस्त्यात गेले. वस्तुतः ते मागच्या पावसाळ्यानंतर उभ्या-उभ्याच गेलेले असते. रस्त्यावर त्याचा केवळ मृत्युदाखला मिळतो.

पाहा, स्पर्श करा, हलवा

अस्थिरोगशास्त्र शिकताना आपण सर्वांनी अ‍ॅप्ले यांची त्रिसूत्री घोकलेली आहे : लुक, फील, मूव्ह. ट्रेलरच्या चाकाची तपासणी याच क्रमाने करता येते आणि तिला वर्कशॉपची गरज लागत नाही.

प्रथम पाहा. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर किंवा रिमवर ग्रीसचे ओघळ दिसत असतील तर मागचे सील गेले असे समजावे. टोपी काढल्यावर दिसणारे ग्रीस दुधाळ असेल तर आत पाणी आहे; त्यात तांबूस छटा असेल तर गंज आहे; बोटावर घासून पाहता चमचमणारे कण दिसले तर पोलाद झिजू लागले आहे. टायरच्या बाजूच्या भेगाही याच वेळी पाहून घ्याव्यात, कारण उभ्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असतानाच उन्हाने म्हातारे होतात.

नंतर स्पर्श करा. ट्रेलर पंधरा-वीस किलोमीटर चालल्यावर सुरक्षित जागी थांबून हाताची मागील बाजू हबच्या जवळ नेऊन, मग अलगद टेकवून पाहावी. दुखऱ्या गुडघ्याचे तापमान आपण दुसऱ्या गुडघ्याशी ताडून पाहतो, तसेच येथे डाव्या हबची तुलना उजव्याशी करावयाची. दोन्ही कोमट असतील तर चिंता नाही. एक हात ठेवण्यासारखे आणि दुसरे हात झटकायला लावणारे असेल तर पुढचा प्रवास धोक्याचा. ब्रेक असलेल्या ट्रेलरमध्ये ब्रेक घासूनही उष्णता येते, हे ध्यानात ठेवावे. रेल्वेत तापलेल्या आसाला 'हॉट ॲक्सल' म्हणतात आणि गाडी स्थानकात शिरताना आसपेट्यांचे तापमान दुरून मोजण्याची पद्धत तेथे आहे. कोविडच्या काळात आपण सर्वांनी कपाळावर रोखण्याचे तापमापक घेतले. पण ते या कामाचे नाहीत, कारण त्यांची मोजमर्यादा मानवी तापापुरतीच असते. यंत्रांसाठीचे, शंभर अंशांच्या वर मोजणारे तापमापक निराळे मिळते व ते फार महागही नसते.

शेवटी हलवा. ट्रेलर सपाट जागी उभा करून, दुसऱ्या बाजूच्या चाकापुढे-मागे ठोकळे लावून, जॅकने एक चाक उचलावे व खाली भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. चाकाचा माथा आणि तळ दोन्ही हातांनी धरून आलटून-पालटून दाबावे. अस्थिबंध सैल झालेल्या गुडघ्यासारखी ढिलाई जाणवली तर बेअरिंग सैल आहे वा झिजलेले आहे. मग चाक हाताने सावकाश फिरवावे आणि कान द्यावा. निरोगी चाक मूकपणे फिरते. खरखर लागली, हाताला कण दळल्यासारखे जाणवले, तर ते क्रेपिटस समजावे. अशा चाकाला आणखी एक हंगाम काढू देणे म्हणजे रोग्याला अंधारात ठेवणे होय.

उपचाराची रीत

हब उघडण्याचे काम ट्रान्सपोर्ट नगरातील कोणताही जाणता मिस्त्री करतो. आपण केवळ त्याने कोणत्या पायऱ्या गाळू नयेत हे जाणून असावे.

टोपी, स्प्लिट पिन व नट काढून हब बाहेर घ्यावे. बेअरिंगे रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊन, जुने ग्रीस कणभरही न ठेवता, स्वच्छ फडक्याने पुसून पूर्ण वाळवावीत. हवेच्या नळीने बेअरिंग गरगर फिरविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा, कारण वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमधून रोलर सुटून इजा करू शकतो. धुतल्यावर रोलर आणि कप उजेडात निरखावेत. खड्डे, पापुद्रे, गंजाचे पट्टे किंवा तापल्याची निळसर झाक यांपैकी काही आढळले तर बेअरिंग बदलावे, आणि बदलताना कोन व कप दोन्ही जोडीने बदलावेत. नवा कोन जुन्या कपात बसविण्याची काटकसर ही काटकसर नव्हे.

ग्रीस निवडताना रंगाला भुलू नये. तांबडा, निळा, हिरवा हा केवळ रंग आहे. ग्रीस म्हणजे तेल आणि त्याला धरून ठेवणारा घट्ट पदार्थ यांचे मिश्रण. तो घट्ट पदार्थ कोणता यावर ग्रीसचा स्वभाव ठरतो. पाण्यात बुडणाऱ्या चाकासाठी पाण्याने सहज धुऊन न जाणारे ग्रीस हवे. लिथियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेट प्रकारची ग्रीसे यासाठी वापरली जातात. मात्र दोन भिन्न जातींची ग्रीसे एकत्र करू नयेत. लिथियमच्या ग्रीसमध्ये पॉलियुरियाचे किंवा मातीवर आधारित ग्रीस मिसळले तर मिश्रण पातळ होऊन गळून जाऊ शकते. दोन औषधे एकेकटी निर्दोष असूनही एकत्र देऊ नयेत, हा आपला नित्याचा अनुभव येथेही लागू पडतो.

ग्रीस भरण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यावा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर पुनःपुन्हा दाबीत राहावे, इतकी की रोलरांच्या मधून ग्रीस वरच्या बाजूला बाहेर पडावे. असे संपूर्ण वर्तुळ फिरवावे. वरून चोपडलेले ग्रीस रोलरांच्या आत पोहोचत नाही. ऑइल सील प्रत्येक वेळी नवेच घालावे. त्याची किंमत पाहता जुने पुन्हा ठोकण्याला काही अर्थ नाही. सीलचा ओठ आसाच्या ज्या भागावर टेकतो तो भाग खडबडीत झाला असेल तर नवे सीलही टिकणार नाही, तेव्हा तो आधी गुळगुळीत करून घ्यावा.

नट आवळण्यात हाताचे कसब लागते. चाक फिरवीत नट प्रथम थोडा आवळावा म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो मागे सैल करून केवळ बोटांनी लागेल तेवढाच फिरवावा आणि स्प्लिट पिन जवळच्या खाचेत घालावी. निमुळत्या बेअरिंगला किंचित मोकळीक लागते, साधारणतः मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वा त्याहूनही कमी. अति आवळले तर ते तापून मरते, अति सैल ठेवले तर आपटून. ट्रेलर बनविणाऱ्याने निराळे माप दिले असेल तर तेच प्रमाण मानावे. जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. एकदा वाकविलेला तार दुसऱ्या वाकविण्यात केव्हा दगा देईल सांगता येत नाही.

काही ट्रेलरांना स्प्रिंगच्या टोप्या असतात. त्या आतील ग्रीस सतत किंचित दाबाखाली ठेवतात व त्यामुळे पाणी आत ओढले जाण्याचा संभव कमी होतो. त्या उपयुक्त आहेत. पण ग्रीसगनने जास्त भरले तर मागचे सील उखडते. आणि बाहेरून ग्रीस भरले म्हणजे हब उघडण्याची गरज संपली, असा समज करून घेणे घातक आहे. नव्या ग्रीसखाली जुना गंज तसाच राहतो. ताप उतरविला म्हणजे रोग गेला असे आपण मानत नाही, तसेच हे.

तारीख कोणती

बहुतेक ठिकाणी हे काम पावसाळ्याच्या तोंडावर, जूनमध्ये करण्याची प्रथा असते. ती अपुरी आहे, आणि या लेखात आग्रहाने सांगावयाचे ते हेच. वर पाहिल्याप्रमाणे नुकसान पाणी शिरल्यानंतरच्या महिन्यांत होते. म्हणून मुख्य काम ऑक्टोबरात, हंगाम संपताच करावे : हब उघडावे, पाणी काढावे, नवे ग्रीस व सील घालावे आणि मगच ट्रेलर उभा करावा. उभा करताना शक्य तर ठोकळ्यांवर घेऊन चाकांवरचा भार काढावा, टायरांवर ऊन पडू देऊ नये आणि महिन्यातून एकदा प्रत्येक चाक हाताने काही फेरे फिरवावे, म्हणजे ग्रीसचा थर सर्वत्र पसरतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला आपण कूस बदलवितो, त्यामागील विचार याहून वेगळा नाही. मेअखेर दुसरी, लहान तपासणी करावी आणि नाव चढवून ट्रेलर वीस किलोमीटर चालवून दोन्ही हबांची उष्णता ताडून पाहावी. चाचणी रिकाम्या ट्रेलरवर घेतली तर ती चाचणी नव्हे.

ट्रेलरबरोबर एका डब्यात काही वस्तू कायम असाव्यात : ग्रीस भरून तयार ठेवलेले, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले एक जादा हब बेअरिंगांसह, एक सील, चार स्प्लिट पिना, नटाचा पाना, जॅक, लाकडी ठोकळे, जादा चाक आणि विजेरी. असे तयार हब असेल तर रस्त्याच्या कडेला, पावसात, काळोखातही चाक सुधारून पुढे जाता येते. आसाचे टोक खराब होण्यापूर्वी थांबले तरच अर्थात.

देणगी आणि देखभाल

आपल्यासारख्या संस्थांकडून समाजाला रुग्णवाहिका, शवपेटी, ऑक्सिजन यंत्रे, क्वचित नावही भेट दिली जाते. समारंभ होतो, हार घातला जातो, छायाचित्र निघते. त्या भेटीबरोबर देखभालीची तरतूद सहसा दिली जात नाही. नावेच्या ट्रेलरला वर्षाकाठी लागते ते दोन सीलांचे मूल्य, एक डबा ग्रीस आणि मिस्त्रीची अर्ध्या दिवसाची मजुरी. देणगीच्या तुलनेत ही रक्कम नगण्य असते, पण तिच्यासाठी कोणी समारंभ करीत नाही, म्हणून ती राहून जाते. यापुढे जेव्हा कोणी अशी भेट देईल तेव्हा पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम तिच्यातच धरावी आणि सोबत एक वही द्यावी, अशी नम्र सूचना करावीशी वाटते. त्या वहीत चाक केव्हा बुडाले, हब केव्हा उघडले, कोणते ग्रीस भरले आणि कोणी भरले, एवढे चार रकाने पुरेत.

आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात तातडीच्या औषधांचा एक ट्रे असतो. ॲड्रेनलिनची मुदत, लॅरिंगोस्कोपचे सेल, सिलिंडरमधील ऑक्सिजन यांची तपासणी आपण ठरल्या दिवशी करतो, रुग्ण दारात आल्यावर नव्हे. वर्षातले तीनशे साठ दिवस तो ट्रे नुसता पडून असतो, आणि नुसता पडून असतो म्हणूनच त्याची काळजी अधिक घ्यावी लागते. ज्या वस्तू रोज वापरात असतात त्या आपले दुखणे रोज सांगतात. ज्या संकटासाठी राखून ठेवलेल्या असतात त्या मुक्या असतात, त्यांना जाऊन विचारावे लागते. ज्यांच्या परिचयात, गावात वा संस्थेत अशी एखादी नाव ट्रेलरवर उभी असेल त्यांनी येत्या ऑक्टोबरची वाट न पाहता एकदा तिच्याजवळ जावे, टोपी काढून ग्रीसचा रंग पाहावा आणि चाक हाताने फिरवून कान द्यावा. या कामाला दहा मिनिटे लागतात.